कुंपणावरची भाषणबाजी

“बाई, एवढी वर्षं तुम्ही वक्तृत्वाची पोरं तयार केलीत, पण भर वर्गात कुणाला फेटा बांधायला लावलात का कधी?”

मेंदीच्या कुंपणापलीकडून हा प्रश्न आला आणि मी ओळखलं, आज कुकर उशिरा लागणार. वहिनी सहा महिने लेकीकडं ह्यूस्टनला राहून नुकत्याच सांगलीला परतल्यात. व्हिसा सहा महिन्यांचा असला तरी गप्पा वर्षभर पुरतील एवढ्या आणल्यात. कॉस्को, वॉलमार्ट आणि तिथले भाजीचे भाव गल्लीतल्या बाकीच्या घरांना वाटून झाले होते. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून नातीच्या शाळेतला भाषणाचा तास माझ्यासाठी राखून ठेवला होता.

“फेटा? आणि बांधला कुणाला?”

“वर्गातल्याच एका पोराला. फुटबॉलच्या टीममधला, चांगला रुंद. आमच्या नातीनं त्याला वर्गापुढं खुर्चीवर बसवलं आणि बोलत बोलत कोल्हापुरी फेटा बांधून दाखवला. त्याचे मार्क मिळाले तिला!”

“फेट्याचे?”

“अहो, भाषणाचे!”

मग सगळा उलगडा झाला. तिकडं नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष. टेक्सासातल्या बऱ्याच शाळांत ‘स्पीच’ हा विषय गणित-भूगोलासारखा वेळापत्रकात असतो. स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस उरकायची ती भानगड नव्हे. अर्ध्या वर्षाचा तास, त्याला रीतसर मार्क, आणि न बोलता सुटका नाही. आपल्याकडं वर्गातली तीन-चार धीट पोरं सगळ्यांच्या वतीनं बोलतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. तिकडं टाळ्या वाजवणाऱ्यालाही उद्या उभं राहायचं असतं, म्हणून तो जरा मनापासून वाजवतो, असं वहिनींचं निरीक्षण.

“पहिलं भाषण कशाचं, सांगा बघू?”

“राष्ट्राध्यक्षांचं?”

“पिशवीचं! खाकी कागदाची पिशवी घ्यायची, त्यात आपल्या तीन वस्तू घालायच्या आणि त्या एकेक काढून वर्गाला सांगायचं की मी कोण. नातीनं पहिल्यांदा काय उचललं असेल? माझा अडकित्ता!”

अडकित्ता अर्थातच दारातूनच परत आला. धारेची वस्तू शाळेत न्यायची नाही, असं लेकीनं बजावलं. मग नातीनं आजीची चंची नेली. माझ्या आईची आई ही कमरेला लावायची, हिला एवढे कप्पे का, कुठल्या कप्प्यात कात आणि कुठल्यात लवंग, आणि आता आजी त्यात सुपारीऐवजी बीपीच्या गोळ्या ठेवते, असं सगळं तिनं सांगितलं म्हणे. वर्ग हसला. वहिनींना त्या हसण्याचा अजून थोडा राग आहे.

मला मात्र ही पिशवी फार आवडली. पोराला पहिल्यांदा उभं करायचं तर त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवर करावं. आपण काय करतो? पहिलीतल्या पोराला मध्ये भांग पाडून, डोक्यावर पगडी ठेवून लोकमान्यांवर बोलायला लावतो. त्याला मंडाले म्हणजे काय हे ठाऊक नसतं, असंतोषाचे जनक म्हणजे काय ते तर त्याच्या आईलाही नीटसं सांगता यायचं नाही. त्यातल्या त्यात शेंगांची गोष्ट त्याला कळते, कारण ती वर्गात घडते आणि टरफलं सगळ्यांनी पाहिलेली असतात. म्हणून तर एक ऑगस्टच्या प्रत्येक भाषणात शेंगा येतात.

“शेंगांचं नाव काढू नका,” वहिनी म्हणाल्या. “दुसरं भाषण होतं ‘करून दाखवा’चं. एखादी गोष्ट करता करता कशी करायची ते सांगायचं. नातीच्या मनात होतं शेंगदाण्याचा लाडू. पाक नको, काही नको, गूळ-दाणे कुटले की झाला. तर शाळेत शेंगदाण्याला बंदी! ॲलर्जीची पोरं असतात म्हणे.”

म्हणजे इथं शेंगांवाचून भाषण पुढं सरकत नाही आणि तिथं शेंगा आणल्या तर भाषणच रद्द. तर अशा रीतीनं लाडवाचा फेटा झाला. जावई कोल्हापूरचे, त्यांच्या लग्नातला फेटा बॅगेत पडून होता.

आता या फेट्याच्या भाषणाची तयारी मी वहिनींकडून बारकाईनं काढून घेतली, कारण खरी मेख तिथंच होती. पूर्ण भाषण लिहायचं नाही. आधी आराखडा करायचा: सुरुवातीला ऐकणाऱ्याचं लक्ष वेधेल असं एखादं वाक्य, मग आपण काय सांगणार ते, मग दोन-तीन मुद्दे, मग शेवट. तो आराखडा टीचरला दाखवायचा. मग पोस्टकार्डापेक्षा लहान अशा, तीन इंच बाय पाच इंचाच्या जाड कार्डांवर नुसते शब्द लिहायचे. कार्डावर अख्खं वाक्य सापडलं तर मार्क गेले. आणि फेट्याला दोन्ही हात लागतात, त्यामुळं नातीला कार्डंही धरता येईनात. ती टेबलावर, हात पोराच्या डोक्यावर, डोळे वर्गाकडं. घरी तिनं हे सगळं उशीवर बसवलं. सोफ्यावर उशी उभी करायची, तिच्याभोवती कापड गुंडाळायचं आणि आजीकडं बघत इंग्रजीत बोलायचं.

“तुम्हाला कळत होतं?”

“निम्मं. पण ती कुठं कंटाळतेय आणि कुठं थापा मारतेय ते बरोबर कळत होतं. शिवाय मला काम होतं. ‘लाइक’ मोजायचे.”

तिकडच्या पोरांच्या बोलण्यात दर दोन शब्दांनी ‘लाइक’ येतं. मोबाइलवरचं नव्हे, आपल्या ‘म्हणजे’सारखं, काही न सुचलं की भरायचं. टीचर ते मोजतात. नातीनं आजीला सांगितलं, मी ‘लाइक’ म्हटलं की नोंद कर. कागद-पेन्सिल कोण शोधणार? वहिनींनी जपाची माळ घेतली. दर ‘लाइक’ला एक मणी. पहिल्या दिवशी भाषण संपायच्या आत मेरुमणी आला. जावयांनी लांबून पाहिलं आणि सासूबाई जपाला बसल्यात असं समजून टीव्हीचा आवाज कमी केला.

या मोजामोजीला परंपरा आहे बरं का. पुण्याच्या आयटी कंपन्यांत टोस्टमास्टर्स क्लब असतात, माझा भाचा त्यातला. 1924 मध्ये राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात सांता ॲना गावी त्याची सुरुवात केली. तिथं दर सभेला एक माणूस नेमलेला असतो, त्यानं वक्त्याचे ‘अं’ आणि ‘आ’ मोजायचे आणि शेवटी उभं राहून हिशेब वाचून दाखवायचा. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मला आमच्या नगरातल्या कित्येक सत्कार समारंभांची आठवण झाली. ‘याठिकाणी’ आणि ‘त्याठिकाणी’ मोजायला एखादा नेमला तर त्याला ओव्हरटाइम द्यावा लागेल.

फेट्याचा शेवट मात्र गडबडीत झाला. वेळ संपली तेव्हा शेमला सुटाच होता. तो पोरगा तसाच, शेमला पाठीवर लोंबकळत, दिवसभर शाळेत हिंडला, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काढला नाही.

“मार्क कापले?”

“वेळेचे कापले. पण पोरांनीही मार्क द्यायचे असतात. प्रत्येकानं एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट लिहायची. एकानं लिहिलं होतं, मलाही पाहिजे.”

इथं वहिनी कुंपणाजवळ सरकल्या आणि आवाज खाली आला. म्हणजे आता कोपऱ्यावरच्या बंगल्याचा विषय निघणार हे मला कळलं. तिथल्या चिरंजीवांना यंदा आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, फिरता चषक सध्या त्यांच्या शो-केसमध्ये मुक्कामाला आहे.

“बाई, तुम्ही परीक्षक होतात. खरं सांगा, भाषण त्याचं होतं?”

भाषण पुण्याच्या मावशीचं होतं. ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण मावशीनंच सांगितलंय. ‘पर्यावरण: काळाची गरज’ हा विषय, त्यात दोन संस्कृत सुभाषितं, एक उर्दू शेर, तुकोबा, मध्येच ग्रेटा थुनबर्ग आणि शेवटी टाळीचं वाक्य. मुलाचा आवाज उत्तम. हात कुठं वर न्यायचा, कुठं मूठ आवळायची, सगळं ठरलेलं. आणि ऐन रंगात ‘परंतु’पाशी गाडी अडली. परंतु... परंतु... दुसऱ्या रांगेत त्याच्या आईचे ओठ हलायला लागले. नुसते ओठ, आवाज नाही. सगळं सभागृह आईकडं बघायला लागलं. पोरानं ओठांवरून शब्द उचलला आणि पुन्हा सुसाट. नियमपत्रकात घंटेबद्दल लिहिलेलं असतं, आईच्या ओठांबद्दल काही नसतं. आणखी एक गंमत सांगते. व्यासपीठावर अध्यक्षस्थानी होत्या एक डॉक्टरीणबाई, आणि हा पठ्ठ्या ठणकावून म्हणाला, अध्यक्ष महाशय! त्याच्यामागून आलेले सगळे तेच म्हणाले. एकानंही मान वळवून अध्यक्ष कोण आहे ते पाहिलं नाही.

माझं म्हणणं इतकंच की जो बोलतोय त्यानं निदान समोर कोण बसलंय हे बघावं, आणि काय सांगायचं ते स्वतः ठरवावं. शब्द चुकोत, ‘लाइक’ येवोत. पूर्वी पाच रुपयांची भाषणसंग्रहाची पुस्तिका मिळायची, तीतलं एकच भाषण चार शाळांत ऐकू यायचं. आता मोबाइलला सांगितलं की चॅटजीपीटी मिनिटात लिहून देतं. पुस्तिकेत निदान छपाईच्या चुकांवरून चोरी सापडायची.

आणि शाळाही काय करतात? दहावीच्या भाषेला वीस मार्कांची तोंडी परीक्षा असते. नाव सांग, एखादी कविता म्हण, बस खाली, झाले वीसपैकी अठरा. 2019 च्या दहावीला बोर्डानं हे मार्क काढूनच टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षी मार्क परत आले. गहजब कशासाठी? पोरांना बोलता येत नाही म्हणून नव्हे, निकालाचा टेकू गेला म्हणून.

“म्हणजे तिकडचंच बरं म्हणा की,” वहिनी खूश झाल्या.

थांबा. इतकं सोपं असतं तर मी निवृत्त कशाला झाले असते, टेक्साससाठी अर्ज केला असता.

नातीचं तिसरं भाषण माहितीचं होतं, विषय ह्यूस्टनच्याच बार्बरा जॉर्डन. काळ्या वस्तीत 1936 साली जन्मलेली मुलगी, कॉलेजात वादविवादाच्या संघात, पुढं थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये. 25 जुलै 1974 ला निक्सनवरच्या महाभियोगाच्या चौकशीत समितीपुढं ती बोलली, ते चित्रण नातीनं आजीला यूट्यूबवर दाखवलं. वहिनींना कायद्याचं इंग्रजी कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, “बाई, एकसुद्धा अक्षर गिळलं नाही तिनं. घाई नाही, आरडाओरड नाही. नुसतं ऐकत राहावं.” बघा, हे कार्डावर लिहून येत नाही. जीभ वळायला मोठ्यानं म्हणावं लागतं, पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं, चांगल्या भाषेतलं पाठ करावं लागतं. आमच्याकडं ‘श’ आणि ‘ष’, ‘न’ आणि ‘ण’ पाठांतरातूनच सुटे झाले. फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य शिवाजीराव भोसले बोलायचे तेव्हा हातात कागद नसायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आत्ता सुचतंय. पण त्या सुचण्यामागं केवढं वाचन आणि केवढं मुखोद्गत होतं!

आणि एक किस्सा वहिनींना माहीत नव्हता, तो मी मुद्दाम सांगितला. मार्टिन ल्यूथर किंग धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा त्यांना वक्तृत्वाच्या विषयात ‘सी’ श्रेणी मिळाली होती.

“काय सांगता! कोण तो मास्तर?”

नाव घ्यायला नको, बिचारा आधीच बदनाम असेल. मजा म्हणजे किंग त्याच्या आधी पंधराव्या वर्षी, 1944 मध्ये, जॉर्जियात डब्लिन नावाच्या गावी वक्तृत्व स्पर्धेत चमकले होते. विषय होता काळा माणूस आणि राज्यघटना. स्पर्धेहून परत येताना बसमध्ये गोऱ्या प्रवाशांसाठी त्यांना आणि त्यांच्या बाईंना जागेवरून उठवलं, आणि अटलांटापर्यंतचा लांबचा प्रवास उभ्यानं करायला लावला. राज्यघटनेवर भाषण करून येणाऱ्या पोराला!

तर त्यांचं 1963 चं वॉशिंग्टनमधलं गाजलेलं भाषण. लिहून आणलं होतं. बोलता बोलता मागून गायिका महालिया जॅक्सन ओरडल्या, ते स्वप्नाचं सांग की! किंगनी कागद बाजूला ठेवला आणि स्वप्नाचा भाग सांगितला. जगाला आठवतो तो तेवढाच. सगळे म्हणतात, बघा, उत्स्फूर्त! अहो, उत्स्फूर्त कसलं? दोन महिने आधी डेट्रॉइटला ते हेच बोलले होते, त्याच्याही आधी बोलले होते. कागद सोडायची हिंमत झाली कारण पुढचं तोंडात बसलेलं होतं. म्हणून मी वर्गात पोरांना सांगायची, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं पाठ करा, मधलं मुद्द्यांवर सोडा. पहिलं पाठ असलं की पाय लटपटत असले तरी तोंड सुरू होतं. शेवटचं पाठ असलं की घंटा झाल्यावर उतरायला जिना सापडतो. जिना नसला की काय होतं ते आपण दर सभेत अध्यक्षीय भाषणात बघतोच. शेवटी शेवटी म्हणत माणूस अर्धा तास काढतो.

“तिकडं शेवटाचं भारी तंत्र आहे,” वहिनींना आता चेव आला होता. “चौथं भाषण होतं मन वळवायचं. त्याला पाच पायऱ्या आहेत. कुणी तरी मन्रो.”

मन्रो म्हणजे पर्ड्यू विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन मन्रो, 1930 च्या दशकात त्यांनी ही रीत बसवली. आधी लक्ष वेधा, मग अडचण दाखवा, मग उपाय सांगा, उपाय केला तर काय छान होईल त्याचं चित्र उभं करा, आणि शेवटी ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचं ते सांगा. ऐकता ऐकता मला हसू आलं. स्टँडवर एसटी लागली की पाचक गोळ्या विकणारा चढतो ना, तो दुसरं काय करतो? टाळी वाजवून लक्ष वेधतो, करपट ढेकर येतात का विचारतो, गोळी दाखवतो, रात्री शांत झोप लागलेला माणूस डोळ्यापुढं उभा करतो, आणि दहा रुपये काढायला लावतो. कंडक्टर घंटी मारायच्या आत पाचही पायऱ्या पूर्ण. त्याला कुणी पर्ड्यूला बोलावलं नाही एवढंच.

नातीचा विषय होता, हायस्कूल सकाळी उशिरा भरावं. नववीतल्या पोराला दुसरा कुठला विषय सुचणार! पण तिनं तयारी नीट केली होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2014 मध्येच सांगितलंय की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. कॅलिफोर्नियानं त्याचा कायदा केला, 2022 पासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आणि मग आजीनं भर घातली. आपल्या महाराष्ट्रानं 2024 मध्ये आदेश काढला ना, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत म्हणून! वहिनींनी नातवाच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून ती बातमी शोधून दिली. नातीनं ती भाषणात घेतली, आजीचं नाव घेऊन.

“माझं नाव, बाई! अमेरिकेत! ‘माझी आजी सांगलीत राहते, ती म्हणते’ असं.”

“आणि त्या व्हॅनवाल्यांनी केवढी कटकट केली तेही सांगितलं का?”

“ते नाही सांगितलं. मन वळवायचं होतं ना.”

हेच ते. सोयीचं तेवढं घ्यायचं, हे शिकवायला मन्रोची गरज नाही.

नातीनं आता शाळेच्या स्पीच अँड डिबेट टीममध्ये नाव घातलंय. ही टीम म्हणजे टेक्सासात मोठीच गोष्ट. जावयांनी सांगितलेली एक बातमी वहिनींनी चवीनं सांगितली. टेक्सासातल्या शाळांच्या फुटबॉलचं वेड एवढं की शुक्रवारी रात्री गावंच्या गावं स्टेडियमवर असतात. त्या सगळ्या शालेय स्पर्धा जी युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग चालवते, ती 1910 मध्ये टेक्सास विद्यापीठातून सुरू झाली तीच मुळी पोरांच्या वादविवादासाठी. फुटबॉल मागून आला आणि डोक्यावर बसला. देशभरच्या स्पर्धांमध्ये एक प्रकार असा असतो की तीन विषयांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, एक निवडायचा, अर्धा तास तयारी, आणि सात मिनिटं जगाच्या राजकारणावर बोलायचं. दुसरा प्रकार स्वतः लिहून पाठ केलेल्या भाषणाचा, दहा मिनिटांचा. म्हणजे पाठांतर तिकडंही आहे! फक्त नियम असा की त्यात दुसऱ्याचे शब्द दीडशेच्या वर नकोत. कोपऱ्यावरच्या चिरंजीवांचं भाषण त्या चाळणीतून काढलं तर हाती ‘परंतु’ उरेल.

“पण एक सांगते,” वहिनी आजूबाजूला पाहत म्हणाल्या. ह्यूस्टनच्या गोष्टीला सांगलीत कोण ऐकणार होतं, पण सवय. “तिकडच्या आपल्या बायकाही काही कमी नाहीत हं. लेकीच्या ओळखीतली एक आहे, तिनं पोराला भाषणाचा कोच लावलाय. तासावर पैसे. झूमवर. तो भाषण ‘तपासून’ देतो.”

“तपासून?”

“तपासून इतकं की पोराला वाचताना अर्थ विचारावा लागतो.”

मला फार बरं वाटलं. इतका वेळ आपण एकट्याच नालायक, असं वाटत होतं. मावशी पुण्यात असो नाहीतर झूमवर, ती असतेच. फरक एवढाच की तिथल्या वर्गात भाषण झाल्यावर टीचर आणि पोरं प्रश्न विचारतात, आणि तिथं मावशी येत नाही. आपल्याकडं भाषण झालं की पुढचा स्पर्धक. पोराला त्याच्याच भाषणावर एक साधा प्रश्न विचारायचा, एवढी एकच सुधारणा करा म्हणून मी दोन शाळांना सुचवलं होतं. दोन्हीकडून उत्तर आलं, वेळ पुरत नाही. पाहुण्यांच्या सत्काराला पुरतो.

एवढं सगळं झाल्यावर वहिनींनी पदर खोचला, जास्वंदीची चार फुलं तोडली, आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, “बाई, एक ऑगस्ट जवळ आलाय. आमच्या बारक्या नातवाला टिळकांवर दोन पानं लिहून द्या ना. जरा टाळ्या पडतील असं.”

मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

“ते तिकडचं तिकडं हो. इथं सगळ्यांच्या आया लिहून देतात, आमच्याच पोरानं काय पाप केलंय?”

म्हटलं, पानं नाही देणार, पोराला पाठवा. तो सहावीत. आला, हातात सायकलचा पंप. मी विचारलं, टिळकांचं काय सांगशील? तो म्हणाला, “मला टिळक नको. वर्गातल्या सगळ्यांनी टिळकच घेतलेत. मी अण्णा भाऊ साठे घेणार, त्यांचा वाढदिवस असतो.” बरोबर होतं. टिळक गेले 1 ऑगस्ट 1920 ला आणि अण्णा भाऊ त्याच दिवशी जन्मले, इथंच, आपल्या जिल्ह्यात वाटेगावला. दोघांना मिळून एकच सकाळ, आणि तीतली बरीचशी शेंगांत जाते.

“का रे, अण्णा भाऊच का?”

“मामाच्या गावाहून वाटेगाव जवळ आहे. मी बघितलंय. ते तिथनं मुंबईला चालत गेले, वडलांबरोबर. मी आणि मामा शेतातनं पार हायवेपर्यंत चाललो तरी माझे पाय दुखले. त्यांनी वाटेत काय खाल्लं असेल?”

झालं की भाषण! मी आत जाऊन जुन्या लग्नपत्रिका आणल्या. जाड कागद, मागची बाजू कोरी, कात्रीनं कापल्या की नातीच्या कार्डांपेक्षा झकास. त्यानं पेन्सिलीनं शब्द लिहिले: चालत. दीड दिवस शाळा. फकिरा. रशिया. ‘दीड दिवस’ खाली दोनदा रेघ मारली, कारण शाळेत जेमतेम तेवढाच गेलेला माणूस एवढी पुस्तकं लिहितो हे त्याला सगळ्यांत भारी वाटलं होतं. “हे टीचरसमोर सांगितलं तर चालेल?” म्हणून त्यानं खात्रीही करून घेतली. मग पंप कुंपणाला टेकवून उभा राहिला आणि सुरू केलं, “तुमच्यापैकी सांगलीहून मुंबईला चालत कोण कोण गेलंय? हात वर करा.”

“अरे अरे अरे!” वहिनी कळवळल्या. “आधी अध्यक्ष महाशय म्हण! पूज्य गुरुजनवर्ग म्हण! एकदम हात काय वर करायला लावतोस?”

“ताईला म्हणायला लागतं का?”

“ताईच्या वर्गात अध्यक्ष नसतात. आपल्याकडं असतात, आणि त्यांना राग येतो. बाई, तुम्ही तरी सांगा त्याला.”

“म्हणू दे की,” मी म्हटलं, “पण महाशय नको. यंदा अध्यक्ष त्याच्या मुख्याध्यापिकाबाईच आहेत.”

“मग काय म्हणू?” बारक्यानं पेन्सिल कानावरून काढली.

“अध्यक्षा,” मी म्हटलं.

“छे, ते उद्धट वाटतं,” वहिनी म्हणाल्या, “महाशया म्हण.”

बारक्यानं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि पत्रिकेवर लिहिलं, ‘मोठ्या बाई’.